तीस इंचांतले अठरा

आलेलं पत्र, थोडक्यात :

बेळगावपासून तासाभरावर आमचं गाव. नवऱ्याचं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. मुलगी यंदा दहावीला. सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, आठवीपासून जवळच्या कन्नड हायस्कुलात जाते. परवा कपाट आवरताना तिची वही हाताला लागली. आत तिनं लिहिलेली एक गोष्ट होती. गोष्टीतल्या मुलीचे बाबा टेलर. दरवर्षी १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून निषेध फेरीत जाणारे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, अशी नोटीस येते. एका रविवारी पहाटे ते पाटी रंगवायला घेतात, कपड्यांची मापं घ्यायच्या टेपनं ती मोजतात आणि मुलीला विचारतात, तिसाचे साठ टक्के किती? ती म्हणते, अठरा. त्यांना कन्नड लिहिता येत नाही, म्हणून शिडीवर चढून अक्षरंही तीच काढते. आई दारातून म्हणते, 'कुणाला सांगू नको.' शेवटी दूधवाला सायकल थांबवून म्हणतो, 'अक्षर भाळ चलो अदाव.' अक्षर फार छान आलंय. मुलीला आनंद होतो, मग ती बाबांकडे बघते, आणि तिथंच गोष्ट संपते.

हे आमच्या घरी घडलेलं आहे. तिच्या जुन्या शाळेतल्या बाई ही गोष्ट साहित्य संमेलनात नवोदितांच्या सत्रात वाच म्हणतात. नवऱ्याला काहीच माहीत नाही. चौकात त्यांना मान आहे, लोक काय म्हणतील? माझी पोर एवढी निरागस होती, तिच्या मनात हे कडू कुठून आलं? ती आता मराठी राहिली आहे की नाही, तेही कळेना. वही लपवून ठेवू, नवऱ्याला दाखवू, की बाईंना जाऊन नको म्हणून सांगू?

– एक आई, बेळगाव जिल्हा

प्रिय ताई,

पत्रासोबत तुम्ही गोष्टही पाठवलीत, तीही स्वतःच्या हातानं उतरवून. झेरॉक्सच्या दुकानात कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तसं केलं, असं तुम्ही लिहिलंय. ते पटतं. पण पोरगी झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून साडेचार पानं उतरवायची म्हणजे तिचा शब्द न् शब्द आपल्या हाताखालून जाऊ द्यायचा. नकोशी झालेली गोष्ट कुणी अशी लिहून काढत नाही. म्हणून तुमच्या तीन पर्यायांतला पहिला, वही लपवण्याचा, तुमच्या मनातून आधीच उतरला आहे असं धरून मी पुढं लिहिते.

ओळख पटेल अशा बऱ्याच खुणा तुमच्या संमतीनं मी बदलल्या आहेत. टेलरचं दुकान आणि टेप मात्र तसाच ठेवलाय. सीमाभागात टेलर गल्लोगल्ली आहेत, आणि टेप काढला तर गोष्टच उरत नाही. या मुद्द्याकडे पुढं परत यायचंय.

तुमच्या पत्रात 'निरागस' हा शब्द सहा ठिकाणी आहे, आणि सहाही ठिकाणी त्याच्यापुढं 'होती' आहे. वही सापडली त्या दुपारी पोरीचं निरागसपण गेलं, असं तुम्हाला वाटतंय. त्या दुपारी बदललं ते एवढंच, की तुम्हाला ते कळलं. तिचं जे व्हायचं ते शिडीपाशी, त्या रविवारीच होऊन गेलं होतं. त्यानंतर कितीतरी महिने ती तुमच्यासमोर जेवली, शाळेला गेली, गणपतीची आरास केली, आणि तुम्हाला ती पहिल्यासारखीच दिसली. कारण ती गप्प होती. 'कुणाला सांगू नको' हे तिनं पाळलं. कुणाला सांगायचं नाही म्हटल्यावर पंधरा वर्षांच्या मुलीकडे वहीशिवाय उरतं काय?

आणि खरं विचाराल तर आपल्याकडचं मूल किती काळ अजाण राहतं हो? १ नोव्हेंबर घ्या. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. म्हणून घरात तो काळा दिवस. शाळेत तोच राज्योत्सव, लाल-पिवळा झेंडा, रांगेत उभं राहून म्हटलेलं गीत. सहा-सात वर्षांच्या पोराला एका तारखेचे दोन अर्थ सांभाळावे लागतात, आणि कुठल्या दारात कुठला अर्थ उच्चारायचा हेही समजावं लागतं. बसस्टँडवरच्या खिडकीत कसं बोलायचं, तहसीलमध्ये कसं, आजोबांसमोर कसं. तुमच्या लेकीनं हे सगळं चौथी-पाचवीतच आत्मसात केलं असणार. ते तुम्हाला दिसलं नाही, कारण ते तुम्हीही लहानपणी असंच आत्मसात केलंय आणि आता त्याचं काही वाटत नाही.

आता गोष्टीकडे येऊ. मला ती फार चांगली वाटली. हे तुमचं समाधान करायला म्हणत नाही. कशी चांगली आहे ते दाखवते.

बाबा विचारतात, 'तिसाचे साठ टक्के किती गं?' ती म्हणते, 'अठरा!' हे उद्गारचिन्ह तिनं दिलेलं आहे. शेकडेवारी पक्की झालेल्या पोरीला बाबांनी काहीतरी विचारलं आणि आपल्याला चटकन आलं, याचा निव्वळ आनंद त्यात आहे. लगेच पुढची ओळ अशी : 'बारा उरले. ते कुणी मोजले नाहीत.' ही ओळ त्या पहाटेच्या मुलीला सुचलेली असणं शक्य नाही. ती नंतर वहीपाशी बसलेल्या मुलीची आहे. म्हणजे गोष्टीत दोघी आहेत, एक पटकन गणित सोडवणारी आणि एक त्या गणिताचा अर्थ कळलेली. पहिली दुसरीला अडवत नाही, दुसरी पहिलीला हसत नाही. वयात येणाऱ्या मुलांच्या ज्या कथा आपल्याला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात, त्या याच दोन आवाजांमधल्या जागेत घडतात. तिथं निवेदकानं जरा जास्त समजावलं की कथा शहाणपण सांगायला लागते, आणि काहीच कळत नसल्याचा आव आणला की लाडीक होते. तुमच्या मुलीनं दोन्ही टाळलंय. कुणी शिकवल्याशिवाय.

लंपन तुम्हाला माहीत असेल. नसेल तर बेळगावच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात मिळेल. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' १९९४ साली आलं, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा, आपल्याच मुलखातला, ज्याच्या मराठीत कन्नड शब्द सहज ये-जा करतात. 'किती निरागस!' असं लोक त्याच्याविषयी म्हणतात. मला मात्र प्रत्येक वाचनात त्याच्या बडबडीखाली एकच गोष्ट ऐकू येते : आपल्याला घरापासून लांब ठेवलंय, हे त्याला कळतं आणि तो ते कुणाला बोलून दाखवत नाही. आणखी एक बघा. संतांचा जन्म १९३७ चा. इंदिरा संतांचा हा मुलगा पुढं कराडला भूशास्त्र शिकवत होता, आणि लंपनचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा पन्नाशी ओलांडून पुढं गेला होता. लंपनचा तो कोवळा आवाज एका पिकल्या माणसानं शब्द निवडून घडवलेला आहे. कोवळेपण ज्याचं मागं पडलंय त्यालाच ते लिहिता येतं. जो त्यात आहे त्याला ते दिसतही नाही. तुमच्या मुलीला ते पंधराव्या वर्षी दिसायला लागलंय, जरा लवकर म्हणा हवं तर.

तुम्ही 'कडू' म्हणालात. मी ती साडेचार पानं कडूपणा शोधत परत वाचली. बाबांना ती कुठं भित्रे म्हणत नाही. ढोंगी म्हणत नाही. फेरीतली काळी फीत आणि हातातला रंगाचा ब्रश शेजारी ठेवून तिला सहज टाळी घेता आली असती. तिनं ते केलेलं नाही. मग तिनं काय बघितलंय? बाबांनी टेपचं एक टोक दातात धरलं होतं, गिऱ्हाइकाची छाती मोजताना धरतात तसं. शेजारच्या पायरीवर रंग सांडू नये म्हणून त्यांनी शिडीखाली जुना पेपर पसरला होता. शिडीवर तिला चढवलं तेव्हा खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून ते उभे होते, 'आणि वर बघत नव्हते.' राग आलेल्या पोरीला बापाचे दात आणि पेपर दिसत नाहीत. हे सगळं जीव लावून बघितलेलं आहे.

ती मराठी राहिली का, हा तुमचा प्रश्न. ताई, गोष्ट कुठल्या भाषेत आहे? तीन वर्षं ती इतिहास, विज्ञान, गणित कन्नडमध्ये लिहिते आहे, मार्क त्यात मिळतात, अक्षर त्यात वळणदार झालंय. पण बापाबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा ती मराठीत आली. याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही. त्या पुराव्याच्या दुसऱ्या बाजूकडेही डोळेझाक करू नका. अक्षरं काढताना तिला मजा आली, असं तिनं लिहिलंय. मराठीची शिरोरेघ सगळ्या अक्षरांना एका दोरीवर वाळत घालते, कन्नडमध्ये मात्र बहुतेक अक्षरांना डोक्यावर स्वतःची छोटी खूण, तलकट्टु, असते, 'प्रत्येकाची वेगळी टोपी' : हे तिचे शब्द. ज्या लिपीचा घरात त्रास आहे, त्या लिपीच्या टोप्या तिला आवडतात. तिच्या वयाला ही मोठी अडचण आहे. दूधवाल्यानं शाबासकी दिल्यावर तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली. बाबांकडे बघणं ते हेच. गोष्टीचं सगळं वजन तिथं आहे.

आपल्या मातीत हे नवं नाही. जी. ए. कुलकर्णी बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. वर्षानुवर्षं धारवाडला इंग्रजी शिकवलं आणि कथा मराठीत लिहिल्या. त्यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाची एक कादंबरी 'रानातील प्रकाश' या नावानं मराठीत आणली. त्यात एक गोरा मुलगा चौथ्या वर्षी पळवला जातो, तिथल्या मूळ रहिवाशांत त्यांचाच मुलगा म्हणून वाढतो, आणि पंधराव्या वर्षी त्याला सक्तीनं जन्मदात्यांकडे परत पाठवतात. दोन्ही घरं त्याला विचारतात, तू कुणाचा? जिथं कानावर दोन भाषा पडतच राहतात अशा गावात बसून जी. एं.ना ही कादंबरी मराठीत आणावीशी वाटली, याचं मला कधी आश्चर्य वाटलेलं नाही. तुमच्या मुलीला अजून कुणी असा प्रश्न तोंडावर विचारलेला नसेल. घरातून तो पहिल्यांदा विचारला जाऊ नये, एवढं बघा.

तिच्या वडिलांच्या फितीचा मला आदर आहे. सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ ला नेमला गेला, अहवाल पुढच्या वर्षी आला, महाराष्ट्राचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. घरातली तीन-तीन माणसं एकाच मागणीवर म्हातारी झालेली कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत. आणि दुकानाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, हेही मला माहीत आहे. फीत बांधणारा आणि शिडी धरणारा एकच माणूस आहे. मुलीला हेच कळलं, आणि ती त्याच्यापासून लांब गेली नाही. मग त्या माणसाला तिच्यापासून जपायचंय कशाला?

इथं एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. सात पानी पत्रात तुम्ही नवऱ्याबद्दल लिहिलंत, चौकातल्या लोकांबद्दल, बाईंबद्दल, संमेलनाबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल. गोष्टीतल्या आईबद्दल एक ओळ आहे, तीही सारांश सांगताना : 'आई दारातून म्हणते, कुणाला सांगू नको.' पुढं तिच्यावर अवाक्षर नाही. मला वाटतं, रात्री ती पानं उतरवताना तुमचा हात थांबला असेल तो त्याच ओळीवर.

ते वाक्य तुम्ही मायेपोटी म्हणालात. नवऱ्याची लाज झाकायला, पोरीला उद्या शाळेत कुणी डिवचू नये म्हणून. आपल्या भागातल्या आयांनी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, मोजता यायचं नाही. माझ्या आईनंही म्हटलंय. पण त्या पहाटे बाबांनी मुलीकडे मदत मागितली, दूधवाल्यानं शाबासकी दिली, आणि आईनं गप्प राहायला सांगितलं. तिच्या बाजूनं हे तिन्ही एका तासात घडलं. गोष्टीत तिनं तुमचं वाक्य लिहिलंय आणि त्यावर काहीच भाष्य केलेलं नाही, पुढच्या ओळीत पुन्हा रंगाचा डबा येतो. ते तिनं कसं घेतलं, हे मला सांगता येणार नाही. ते तिलाच माहीत.

मी सीमाभागातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते. नववीतल्या एका मुलानं शाळेच्या हस्तलिखितासाठी गोष्ट दिली. काकाबरोबर तो बैल विकायला बाजारात जातो. बैल मागच्या पायानं अधू आहे. गिऱ्हाईक मुलालाच विचारतं, 'बैल धड आहे न्हवं?' काका त्याच्याकडे बघतात. गोष्टीचा शेवट होता : 'मी मान हलवली.' तीन शब्द. मला ते सहन झालं नाही. मुलांसमोर असा शेवट कसा ठेवायचा, म्हणून मी खाली माझ्या हातानं सहा ओळी जोडल्या : मुलगा रडतो, खरं सांगतो, गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतं. हस्तलिखिताचं प्रकाशन झालं, कौतुक झालं. मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसून होता. पुढं त्यानं मला कधी वही दाखवली नाही. दहावी झाली, गोव्याला कामाला गेला. त्याला जे कुणालाच सांगता येत नव्हतं ते त्यानं मला तीन शब्दांत सांगितलं होतं, आणि मी त्याला खोटं पाडलं, तेही त्याच्याच नावानं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली; ते पान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून तुम्हाला इतकं लांब पत्र लिहिते आहे.

आता करायचं काय.

सगळ्यात आधी, वही वाचल्याचं मुलीला सांगा. नवऱ्याशी बोलण्याआधी आणि बाईंकडे जाण्याआधी. कपाट आवरताना सापडली, उघडली, राहवलं नाही, सगळी वाचली, असं सरळ सांगा. ती चिडेल. चिडू दे, तिची वही होती. त्या वेळी 'का लिहिलंस' हे तोंडातून येऊ देऊ नका, कारण त्याचं उत्तर तिला 'चुकले' असंच द्यावं लागेल. 'छान लिहितेस की गं' एवढंही नको. ते वरवरचं वाटतं. तुम्हाला जे खरंच लक्षात राहिलं ते सांगा. टेप दातात धरल्याचं तू बघितलंस होय, मी रोज बघते आणि माझ्या कधी ध्यानात आलं नाही. असं काहीतरी. ही बोलणी भांडी घासताना, भाजी निवडताना करा. समोरासमोर बसवून केलीत की तिला जबाब घेतल्यासारखं वाटेल. आणि 'कुणाला सांगू नको'बद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल, तर ते तेव्हाच निघेल. ओढून आणू नका.

नवऱ्याला तुम्ही दाखवू नका. मुलीनं दाखवावी, किंवा तुम्ही शेजारी बसलेल्या असताना तिनं वाचून दाखवावी. तुमच्या हातून गेली तर ती तक्रार ठरते, बाहेरून कळली तर बदनामी, तिच्या तोंडून ऐकली तर ती त्यांच्या मुलीची गोष्ट असते. त्यांना वाईट वाटेल का? वाटेल. उठून दुकानात जाऊन बसतील कदाचित. पण त्यात शिडी घट्ट धरून उभा असलेला बापही आहे, आणि तो त्यांना दुसऱ्या कुणी दाखवणार नाही.

संमेलनाचं मात्र मी बाईंसारखं पटकन हो म्हणणार नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, पोरं स्टेजवर उभी राहून आपलं लिहिलेलं वाचतात, याचा मला फार अभिमान आहे. पण गावातलं संमेलन म्हणजे पुण्याचं सभागृह नव्हे. समोर ओळखीचीच माणसं बसलेली असतात. 'टेलर' म्हटलं की शंभर माना एका दिशेला वळतील. लेखकानं कुणाची परवानगी घेऊ नये, असं मानणारे आहेत, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत मला ते बरंचसं पटतं. पण ही पंधरा वर्षांची आहे, त्याच घरात राहते, त्याच ताटात जेवते; त्या संध्याकाळनंतर घरात जे काही होईल ते तिच्याही वाट्याला येणार. म्हणून बाबा हो म्हणाले तर वाचावी. नको म्हणाले तर यंदा थांबावं. मार्चमध्ये परीक्षा आहे, तेवढं कारण बाईंना पुरेल. लिहिणं मात्र कुणी थांबवायचं नाही, आणि दुसरी गोष्ट लिहायला घेतली तर ती उघडून बघायची नाही. विशीत आल्यावर तिला वेगळं वाटलं, तर तेव्हाचा निर्णय तिचा.

मधला मार्ग आहे, खुणा बदलण्याचा. टोपणनाव घेऊन काही साधणार नाही. गावात अक्षरावरूनही ओळखतात. गाव बदलता येतं, फेरीचा प्रसंग गाळता येतो, मुलीच्या जागी मुलगा करता येतो. पण टेलरच्या जागी बेकरीवाला केला तर टेप कुठून आणणार? माणसांची मापं घेणाऱ्या हाताला आपल्या पाटीचं माप घ्यावं लागतं, म्हणून तर तो टेप बोचतो. प्रत्येक खूण बदलून बघायची आणि गोष्ट मोठ्यानं वाचायची. जी बदलल्यावर गोष्ट लंगडते ती परत जागेवर ठेवायची. लिहिणाऱ्या पोरांसाठी याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही, आणि हे काम बाई तिच्याबरोबर बसून करू शकतील. दूधवाल्याचं वाक्य कन्नडच राहू दे. मराठी संमेलनात चालेल का, असं कुणी विचारलं, तर हाच दूधवाला आपल्या दारी येतो, असं सांगावं.

हे उत्तर इतर आयाबाप आणि शिक्षकही वाचतील, म्हणून एक वेगळी गोष्ट. मुलाच्या वहीत हात उगारल्याचं, नकोशा स्पर्शाचं, जगणं नको झाल्याचं काही आलं, तर ती कथा आहे की खरं हे ठरवत बसू नका. 'हे खरं आहे का' हा पहिला प्रश्न नव्हे. 'तुला कुणी त्रास देतंय का, मी आहे इथं' हा पहिला. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक, दोन्ही फुकट आहेत. तुमच्या मुलीच्या पानांत मला तसं काही दिसलं नाही. पण आई म्हणून तुमच्या मनात त्याव्यतिरिक्त काही खटकत असेल, जेवण, झोप, मैत्रिणी तोडणं, तर तेही सोडून देऊ नका.

आणि शिक्षकांना : शेवटी तात्पर्य मागू नका. शेवट जोडू तर नकाच.

एक राहिलं, ताई. गोष्ट दूधवाल्यापाशी संपते तेव्हा पाटीचे वरचे अठरा इंच भरलेत. खालचे बारा कोरे आहेत. तिथली मराठी अक्षरं कुणी काढली, केव्हा, हे गोष्टीत नाही. ती तोवर हात धुऊन आत गेली असावी, किंवा तिला तेवढं बघवलं नसावं. तुम्ही दारात होता, तुम्ही बघितलं असेल. पाटी आज दुकानावर आहे, म्हणजे कुणीतरी ती काढली आहेत. तिला वही परत द्याल तेव्हा ते कसं झालं ते तिला सांगा.